यादीतला फक्त एकच वापरा

सॉफ्टवेअरच्या लायसन्सची फाइल जेमतेम अकरा ओळींची होती. पहिल्या ओळीत मशीनचं नाव आणि ओळखक्रमांक, दुसरीत एका प्रोग्रामचं नाव, आणि बाकीच्या ओळींत कुठलं मॉड्यूल किती जणांना कुठल्या तारखेपर्यंत वापरता येईल याचा हिशोब. हिशोबाच्या प्रत्येक ओळीच्या शेपटाला सही म्हणून आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. ही फाइल एका लिनक्स मशीनवर नेऊन ठेवायची, एक प्रोग्राम सुरू करायचा, झालं. "दहा मिनिटांचं काम आहे," असं मीच मॅडमना सांगितलं होतं, तेही समोरच्या कामातून मान वर न काढता.

ते मशीन मी कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा मशीन रूममधल्या कुठल्याशा रॅकवर ते बसवलंय, एवढं ऐकून माहीत. माझ्या टेबलावरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर आज्ञा टाइप करायच्या सोयीने, आधी मधल्या एका मशीनवर जायचं आणि तिथून पुढे त्याच्यावर. एसएसएचला मोठ्या 'जे'चा पर्याय देऊन मधल्या थांब्याचं नाव सांगितलं की दोन्ही उड्या एका आज्ञेत होतात. त्याला ना पडदा जोडलेला, ना कीबोर्ड. त्याच्याबद्दल जे काही कळतं ते त्यानेच सांगितलेलं असतं, आणि ते मी खरं धरून चालते.

आमच्या गटातलं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फ्लेक्सएलएम पद्धतीच्या लायसन्सवर चालतं. या पद्धतीचं नाव आता फ्लेक्सनेट झालंय, पण जुनी माणसं फ्लेक्सएलएमच म्हणतात, आणि आज्ञांची नावंसुद्धा अजून 'एलएम'नेच सुरू होतात. वीस माणसांना वीस प्रती विकत घ्यायच्या नाहीत. आठ जागा घ्यायच्या, आणि वीसांतल्या कुणीही आठांनी एका वेळी त्या वापरायच्या. जागा मोजायला एक सर्व्हर लागतो. आमचा जुना सर्व्हर निवृत्त होणार होता, म्हणून हा नवा.

सर्व्हरवर दोन प्रोग्राम चालतात. एक 'एलएमजीआरडी', म्हणजे दारावर बसलेला. दुसरा विक्रेत्याचा स्वतःचा 'व्हेंडर डीमन', म्हणजे आत बसून खरोखर जागा मोजणारा. तुमचं सॉफ्टवेअर आधी दारावरच्याला विचारतं. तो म्हणतो, "अमुक नावाच्या मशीनवर अमुक पोर्टवर जा." मग आतला यादी बघून जागा देतो किंवा नाही म्हणतो. दोघांचे पोर्ट, म्हणजे मशीनवर बाहेरचं बोलणं ऐकायचे क्रमांक, वेगळे असतात. ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असणं आणि वेळेला आठवणं यांत मात्र अंतर असतं.

आठ जागांचं लायसन्स कुणी दहा मशीनांवर टाकून ऐंशी जागा करू नये, म्हणून ते एका मशीनला बांधलेलं असतं. बांधायची दोरी म्हणजे होस्टआयडी, आणि लिनक्सवर होस्टआयडी म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता: ४८ बिट, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेले १२ अंक. तो आधी विक्रेत्याला कळवायचा, मग तो त्या पत्त्यावर सही करून फाइल पाठवतो. तेव्हा पहिलं काम मशीनला एवढंच विचारायचं, की बाबा, तू कोण?

विचारायला 'एलएमयूटिल' नावाचं हत्यार येतं. ते नव्या मशीनवर उतरवलं, चालवायची परवानगी दिली, 'एलएमहोस्टआयडी' म्हणून हाक मारली. उत्तर आलं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

फाइल तर समोर होती. 'एलएस' केलं की दिसत होती, आकारही बरोबर होता. पूर्ण रस्ता टाइप करून पाहिला, टॅब दाबून नाव पुरं करून घेतलं, म्हणजे टायपिंगची चूक नको. परत तेच. स्वतःच ती फाइल दाखवणारं मशीन दुसऱ्या क्षणाला ती नाहीच म्हणत होतं. डाउनलोड फाटला असेल म्हणून पुन्हा उतरवली. अर्धा तास यातच गेला.

मग 'फाइल' ही आज्ञा त्याच फाइलवर चालवली आणि उलगडा झाला. लिनक्सवरचा बहुतेक प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या पोटात एका लोडरचं नाव लिहून आणतो: मला सुरू करायचं तर आधी याला बोलवा. एरवी हा लोडर मशीनवर असतोच, त्यामुळे त्याची आठवणही होत नाही. पण या हत्याराने लिनक्स स्टँडर्ड बेस नावाच्या जुन्या मानकाचा लोडर मागितला होता. सगळ्या लिनक्सवर एकच प्रोग्राम चालावा म्हणून ते मानक निघालं, आणि पुढे लिनक्सच्या बऱ्याच वितरणांनी त्याचं पॅकेज ठेवणंच सोडलं. सापडत नव्हता तो हा लोडर. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र 'फाइल नाही' एवढंच म्हणून गप्प बसतं. कुठली फाइल, ते सांगत नाही. निमंत्रण बरोबर पोचलंय, पण ज्याच्याबरोबर यायचं तोच गावात नाही, असला प्रकार.

उपाय एका ओळीचा. मशीनवरच्या नेहमीच्या ६४ बिटी लोडरकडे बोट दाखवणारा एक दुवा त्या जुन्या नावाने करून ठेवायचा. वितरणात पॅकेज मिळत असेल तर ते टाकणं जास्त सभ्य. माझ्याकडे मिळत नव्हतं, मी दुवा केला.

आता हत्यार बोललं. मशीनचा होस्टआयडी म्हणून त्याने एका ओळीत तीन पत्ते दिले आणि खाली सूचना छापली, की या यादीतला फक्त एकच वापरा.

ही सूचना मी नीट वाचली, हे इथे मुद्दाम नोंदवते. फक्त एकच वापरा, म्हणजे तिन्ही पाठवू नका. कुठला एक, हे त्यात नव्हतं. म्हणजे कुठलाही चालत असणार! यादीतला पहिला उचलला, ईमेलमध्ये चिकटवला, पाठवला. तो ०२४२ने सुरू होत होता. त्या चार अंकांत काय लिहिलंय ते मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाइल आली. 'एससीपी'ने ती मशीनवर पाठवायच्या आधी माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर उघडून मी तिच्यात दोन बदल केले. लायसन्सच्या फाइलला हात लावायचा नाही असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. सहीत होस्टआयडी आणि मॉड्यूलांच्या ओळी धरलेल्या असतात. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सही जुळत नाही. पण मशीनचं नाव, पोर्टचा आकडा आणि व्हेंडर डीमन कुठे ठेवलाय तो रस्ता, हे आपण बदलायचंच असतं. मी रस्ता लिहिला आणि दारावरच्याला २७००० हा पोर्ट दिला. काही दिला नाही तर तो २७००० ते २७००९ मधला एखादा धरतो. ठरवून दिलेला बरा.

एलएमजीआरडी सुरू केला. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, तक्रार: व्हेंडर डीमन सापडत नाही. फाइलमधला रस्ता आणि डिस्कवरचा रस्ता अक्षर न् अक्षर सारखे. मघाच्या लोडरच्या नादात मी पुन्हा लोडरच शोधत बसले. शेवटी 'कॅट'ला मोठा 'ए' लावून फाइल बघितली तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं ते न दिसणारं परतीचं चिन्ह बसलेलं. मशीनच्या लेखी रस्त्याच्या नावात एक अक्षर जास्त होतं. 'डॉसटूयुनिक्स'ने सगळी चिन्हं झाडून काढली. तेव्हापासून असल्या फाइली मी त्या मशीनवरच, व्हीआय या तिथल्या एडिटरमध्येच उघडते.

पुन्हा सुरू. आता व्हेंडर डीमन उठला आणि लगेच पडला. स्थिती सांगणाऱ्या 'एलएमस्टॅट'ला विचारलं तर त्रुटीचा आकडा उणे ९७, म्हणजे डीमन बंद. लॉगमध्ये मात्र कारण चक्क लिहिलेलं होतं: 'यूएसआर'खालच्या 'टीएमपी'त त्याला स्वतःची एक डिरेक्टरी करायची होती, आणि तिथे 'टीएमपी'च नव्हती. करून दिली. चालला. या पद्धतीचे लॉग दिसायला रटाळ असतात, पण खरं बोलतात. मी ते शेवटी वाचते, ही माझी खोड.

सर्व्हरवरून बघितलं तर सगळं चालू. माझ्या टेबलावरून सॉफ्टवेअर उघडलं तर उणे १५, सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. फायरवॉल, म्हणजे कुठल्या पोर्टवर बाहेरच्याला येऊ द्यायचं ते ठरवणारी राखण.

इथे थोडं थांबते, कारण या सगळ्यात मला भीती वाटली ती इथेच. समोरच्या मशीनची फायरवॉल चुकली तर आपण चुकतो आणि हसतो. दूरच्या मशीनची चुकली तर ज्या दारातून आत आलो तेच दार आपण आतून लावून घेतो, आणि उभे मात्र बाहेर. मशीन मजेत चालू राहतं, तुम्हालाच ते दिसत नाही. मग कुणाला तरी फोन करून, झोपेतून उठवून, त्या रॅकपाशी पाठवावं लागतं. हे माझ्या हातून एकदा, फार पूर्वी झालंय. तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या. एक, आधी दुसरी एसएसएच खिडकी उघडून ती तशीच ठेवायची; चालू असलेलं बोलणं सहसा तुटत नाही. पण ती भरवशाची नाही, म्हणून बदल झाला की तिसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन बघायचं, आणि ते जमल्याशिवाय आधीच्या दोन बंद करायच्या नाहीत. दुसरी सवय, बदल आधी तात्पुरता करायचा. 'फायरवॉल-सीएमडी'ला कायमचा असं सांगितलं नाही तर नियम फक्त चालू स्मृतीत राहतो, पुन्हा लोड केलं की गायब. त्याला मुदतही देता येते: दहा मिनिटांनी हा नियम आपोआप काढून टाक. दहा मिनिटांत सगळं ठीक दिसलं तर मग कायमचा.

२७००० उघडला. तरी उणे १५. माहीत होतं पण आठवलं नाही, ते हेच. दारावरच्याचा पोर्ट उघडला होता, आतल्याचा नाही. आणि आतल्याला काही सांगितलं नसेल तर तो दर वेळी मिळेल तो पोर्ट घेतो. आज एक उघडाल, उद्या तो दुसरीकडे बसलेला असेल. फाइलमधल्या त्याच्या ओळीत पोर्टचा आकडा लिहून त्याला २७०२० वर बसवलं, तोही उघडला.

उणे १५ गेला आणि उणे ९६ आला. नवा आकडा दिसला की मला बरंच वाटतं. निदान हललं तरी.

हा मजेदार निघाला. माझ्या लॅपटॉपने दारावरच्याला आकडी आयपी पत्त्याने गाठलं होतं. त्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, आत अमुक नावाच्या मशीनवर जा. ते नाव त्याने फाइलच्या पहिल्या ओळीतून घेतलं होतं, आणि तिथे होतं मशीनचं आखूड नाव. मशीन स्वतःला त्या नावाने ओळखतं, मशीन रूममधले शेजारी ओळखतात. माझ्या लॅपटॉपला त्या नावाचं कुणीच माहीत नव्हतं. पहिल्या ओळीत डीएनएसमधलं, म्हणजे नेटवर्कच्या नाव-पत्त्यांच्या यादीतलं, पूर्ण नाव लिहिलं, सर्व्हर पुन्हा उठवला, आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला माझ्या पडद्यावर सॉफ्टवेअर उघडलं. एलएमस्टॅटमध्ये माझं नाव, माझ्या लॅपटॉपचं नाव, जागा घेतल्याची वेळ. आठपैकी एक.

मॅडमना मेसेज केला: झालं.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "अगं, कुणाचंच उघडत नाहीये."

शनिवार-रविवारी मशीन रूमवाल्यांनी कर्नलचं अद्ययावतीकरण करून सगळी मशीनं रीबूट केली होती. तशी पूर्वसूचनाही आली होती, मी वाचली नव्हती. सर्व्हर मी हातानेच सुरू केला होता, मशीन उठल्यावर तो आपोआप उठणार कसा? चूक कळल्याच्या आनंदात एसएसएचने आत गेले, एलएमजीआरडी सुरू केला आणि खिडकी बंद करणार, एवढ्यात सहज लॉगकडे नजर गेली. सर्व्हरच्या ओळीतला होस्टआयडी चुकीचा आहे, असं तिथे लिहिलेलं. फाइलमधला हा, मशीनचा हा.

शुक्रवारी चाललेली फाइल. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. मशीनही तेच. मशीन तेच आहे ना? एसएसएच पहिल्यांदा जोडताना ते ज्या किल्लीने ओळख देतं ती माझ्याकडे साठवलेली असते. बदलली असती तर त्याने मोठा आरडाओरडा केला असता. म्हणजे एसएसएचच्या मते हे तेच मशीन, आणि लायसन्सच्या मते दुसरं.

पुन्हा एलएमहोस्टआयडी विचारलं. तीन पत्ते. दोन ओळखीचे. तिसरा, ०२४२ने सुरू होणारा, पुढचे आठ अंक वेगळे. आता मी पत्ता पाठवण्याआधीच करायला हवं होतं ते केलं, 'आयपी लिंक'ने एकेक पत्ता कुणाचा ते बघितलं. दोन पत्ते खऱ्या कार्डांचे. ०२४२वाला होता 'डॉकर-शून्य' नावाच्या पुलाचा. हे मशीन आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी त्यावर डॉकर, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून ठेवलं होतं. डॉकर आपल्या कंटेनरांना जोडायला एक काल्पनिक पूल बांधतं, आणि त्या पुलाला एक मॅक पत्ता बनवून देतं. मशीन रीबूट झालं, पूल नव्याने बांधला गेला, नवा पत्ता मिळाला. मी आठ जागांचं लायसन्स ज्याला बांधून घेतलं होतं ते लोखंड नव्हतंच.

आणि ते ओळखता येत होतं. मॅक पत्त्याच्या पहिल्या बाइटमधला शेवटून दुसरा बिट १ असेल, तर तो पत्ता कार्ड बनवणाऱ्या कारखान्याने दिलेला नाही, स्थानिक पातळीवर कुणीतरी ठेवलेला आहे. ०२ म्हणजे नेमका तोच एक बिट चालू. खऱ्या कार्डाच्या पत्त्याचे पहिले २४ बिट बहुधा उत्पादकाच्या नावाने नोंदलेले असतात. त्या पत्त्याच्या कपाळावरच लिहिलं होतं, 'मी खरा नाही'.

फ्लेक्सएलएम १९८८ सालचं. तेव्हाच्या वर्कस्टेशनला बहुधा एक कार्ड, एक पत्ता, एक नाव. तू कोण असं विचारलं की उत्तर एकच यायचं. प्रश्न तेव्हापासून तोच राहिला, उत्तरं मात्र वाढत गेली.

उरलेल्या दोनातून एक निवडायचा होता. या वेळी मी मशीनच्या शब्दावर विसंबायला तयार नव्हते. मशीन रूम सांभाळणाऱ्यांना फोन लावला. आजवर फक्त ईमेलमध्ये भेटलेले गृहस्थ.

"दादा, त्या मशीनपाशी जाऊन एक बघाल का? त्यावर मॅक पत्त्याचं लेबल असेल तर वाचून दाखवा."

"थांबा मॅडम, जातो. पण आत पंख्यांचा आवाज फार असतो, मोठ्याने बोला."

सोळाच्या पायातली अक्षरं फोनवरून, पंख्यांच्या आवाजात ऐकणं हा एक अनुभव आहे. त्यात ए ते एफ ही सहा अक्षरं येतात, आणि त्यांतली बी, सी, डी, ई ही चार फोनवर एकच असतात. तीनदा वाचून झालं, तीनदा वेगळं लिहिलं गेलं. मग त्यांनीच तोडगा काढला.

"मॅडम, लिहून घ्या. बदकाचा बी. डमरूचा डी. चार. एडक्याचा ई. परत एडक्याचा ई."

"आणि सी?"

"सीताफळाचा," ते म्हणाले, आणि पंख्यांवर मात करून हसले.

बारा अंक लिहून झाले. ते माझ्या पडद्यावरच्या एकाही पत्त्याशी जुळत नव्हते.

या वेळी मी गोंधळले नाही, नुसती थकले. लेबल मशीनमधून ओढून बाहेर काढायच्या एका पट्टीवर होतं. त्यावर कशाचा पत्ता आहे ते नीट बघायला सांगितलं. त्यांनी टॉर्च मारून छोट्या अक्षरातला मथळा वाचला: व्यवस्थापन पोर्ट. सर्व्हर मशीनांच्या पोटात एक छोटं वेगळं संगणकयंत्र असतं, मोठं मशीन बंद असतानाही जागं राहणारं. दुरून चालू-बंद करायला उपयोगी पडतं. त्याला स्वतःचं कार्ड, स्वतःचा पत्ता. लिनक्सला तो दिसतच नाही. म्हणजे मशीनच्या अंगावर चिकटवलेला पत्ता खुद्द मशीनला ठाऊक नव्हता.

"मागच्या बाजूला नेटवर्कची वायर कुठल्या भोकात आहे?" मी विचारलं. "आणि ते भोक मुख्य बोर्डावरचं आहे की वरून बसवलेल्या कार्डाचं?"

हा प्रश्न विचारल्याचं मला अजून बरं वाटतं. वरून बसवलेलं कार्ड उद्या बिघडलं तर काढून दुसरं लावतील, आणि लायसन्स त्याच्याबरोबर भंगारात जाईल. बोर्डावरचं कार्ड बदलायचं तर बोर्डच बदलावा लागतो. तसं झालंच तर लायसन्स ही चिंता पहिली नसेल. वायर बोर्डावरच्या भोकात होती. त्यांनी ती क्षणभर काढून परत लावायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, कारण त्याच वायरीवर मी आत होते. त्याऐवजी 'एथटूल'ला त्या कार्डाचा दिवा मिचकवायला सांगितलं.

"मिचकतोय मॅडम, पहिलाच," ते ओरडले.

दुरून दाबलेली कळ आणि तिकडे कुणाच्या तरी डोळ्यांसमोर लुकलुकलेला दिवा. चार दिवसांत पहिल्यांदाच मशीन सोडून दुसऱ्या कुणीतरी त्याच्याबद्दल मला काही सांगितलं होतं. एथटूलनेच कार्डाचा कायमचा, कारखान्यातून आलेला पत्ताही विचारून घेतला. चालू पत्ता सॉफ्टवेअरमधून बदलता येतो, हा त्यामागचा मूळ. दोन्ही जुळले. दादांचे आभार मानून फोन ठेवला.

आता विक्रेत्याला पटवणं. लायसन्स एका मशीनवरून दुसरीकडे हलवायला त्यांचा एक अर्ज होता, आणि वर्षातून ठरावीक वेळाच ते करून मिळत असे. जुन्या मशीनचा होस्टआयडी, नव्या मशीनचा होस्टआयडी, कारण. अर्जात एकाच मशीनला दोन मशीनं कसं दाखवायचं? कारणाच्या रकान्यात मी आधी सगळी हकिगत लिहिली. ती रकान्यात मावली नाही. मग लिहिलं, 'पत्ता चुकीचा कळवला गेला'. त्याखाली एक चौकट होती, खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता: जुनं मशीन आता वापरात नाही आणि पुढेही नसेल, याची मी हमी देते. खूण केली. इतकी निर्धास्त हमी मी आयुष्यात दिलेली नाही.

नवी फाइल यायला दोन दिवस लागले. तोवर जुना सर्व्हर निवृत्तीतून ओढून आणून चालवला, त्याबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत. न बोलण्याचेही प्रकार असतात.

त्या दोन दिवसांत उरलेलं काम नीट केलं. एलएमजीआरडीसाठी सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्याची, एक छोटी युनिट फाइल लिहिली: नेटवर्क पूर्ण उठल्यावर सुरू हो, पडलास तर पुन्हा उठ. एलएमजीआरडी एरवी स्वतःच पार्श्वभूमीत निघून जातो. त्याला बारका 'झेड' लावला की तो समोर थांबतो आणि सिस्टमडीला त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याने, चालवायचा नाही, म्हणून वेगळा वापरकर्ता केला. या डीमनला जागा मोजायला रूटचे अधिकार लागत नाहीत, आणि बाहेरून येणाऱ्या कुणाचंही ऐकणारा प्रोग्राम रूटच्या हाती देणं बरं नव्हे. शुक्रवारी मात्र घाईत मी तो रूटनेच चालवला होता. त्याचा प्रसाद मिळालाच: नव्या वापरकर्त्याला लॉगमध्ये लिहिता येईना, आणि व्हेंडर डीमनने मागे ठेवलेली कुलपाची फाइल रूटच्या मालकीची, तीही हलेना. दोन्ही काढून टाकल्या. या वेळी लॉग आधी वाचला होता.

फाइल आली. होस्टआयडी बारा अंक बोट ठेवून ताडून बघितला. व्हीआयमध्ये नाव, रस्ता, पोर्ट लिहिले. सुरू केलं, लॉग स्वच्छ, टेबलावरून सॉफ्टवेअर उघडलं. मॅडमना मेसेज करायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

त्याऐवजी दादांना ईमेल पाठवलं: मशीन रीबूट करू का? त्यांचं उत्तर आलं, "करा. मी इथेच आहे."

रीबूटची आज्ञा दिली. एसएसएच तुटलं. दुसऱ्या खिडकीत पिंग, म्हणजे मशीनला सतत 'आहेस का' विचारणारी आज्ञा, चालू ठेवलं होतं, ते गप्प झालं. सर्व्हर मशीनं उठायला फार वेळ घेतात. आधी सगळी स्मृती तपासतात, मग प्रत्येक कार्डाला जागं करतात, मग कुठे लिनक्सची पाळी येते. पाच मिनिटं झाली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. सातव्या मिनिटाला पिंगची पहिली ओळ उमटली.

आत गेले. मुद्दाम काहीही सुरू केलं नाही, फक्त एलएमस्टॅट विचारलं. दारावरचा चालू, आतला चालू, आठ जागा, एकही घेतलेली नाही. बघता बघता एक भरली. पलीकडच्या टेबलावरच्याने सॉफ्टवेअर उघडलं होतं. मग मॅडमना मेसेज केला.

खिडकी बंद करायच्या आधी, काही गरज नसताना, 'आयपी लिंक' बघितलं. डॉकर-शून्यने तिसरा पत्ता घेतला होता.